गोधडीचा दिवस स्वस्तात, पण कोणाच्या कष्टांवर?

प्रश्न : आम्ही साताऱ्यातल्या एका कॉलनीतल्या चौदा जणी. वयं चाळीस ते एकाहत्तर. करोनाच्या काळात जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायचा नाद लागला, तो सुटला नाही. आता घरी एकेकटीने शिवण्यापेक्षा महिन्यातून एक दिवस एकत्र बसावं आणि वर्षातून एकदा दोन रात्री कुठेतरी जाऊन नुसतं शिवावं, असं ठरतंय. माझी भाची न्यू जर्सीत असते, ती दरवर्षी अशा शिवणाच्या सहलीला जाते. तिचे फोटो बघून सगळ्यांनीच मनावर घेतलं. पण पाचगणीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने माणशी ६,२०० रुपये सांगितले. आमच्यात दोघी नोकरी करतात, काहींना पेन्शन आहे, पण चार-पाच जणींना एवढे पैसे घरी मागावे लागतील. खर्च कमी करायला मी एक तोड काढली आहे. आमच्यातल्या दोघींकडे कामाला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्यासारखी गोधडी आमच्यात कोणालाच येत नाही. त्यांना फी न घेता बरोबर न्यायचं, त्या शिकवतील आणि स्वयंपाकालाही हात लावतील. म्हणजे शिकवणारीचे आणि आचाऱ्याचे दोन्हीकडचे पैसे वाचतील. एकीने सुचवलंय की पहिला दिवस संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच धरावा, वाणाच्या पैशात चहापाणी निघेल. दोघींना मशीन न्यायचंय. घरच्यांचा सूर ‘घरी बसून शिवता येत नाही का?’ असा आहे. हे सगळं कसं जमवावं? पैसे कसे गोळा करावेत? आणि सुरुवात कधी करावी?
– एक वाचक, सातारा

ताई, नमस्कार.

तुमचा बेत मला मनापासून आवडला आणि तुमच्या पत्रातली एक गोष्ट अजिबात पटली नाही. आधी तिच्याबद्दलच बोलते, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे.

मावशींना फी न घेता न्यायचं, त्यांनी शिकवायचं आणि वर स्वयंपाकही करायचा. यात खर्च वाचत नाही, ताई. तो तुमच्या अंगावरून मावशींच्या अंगावर जातो, एवढंच. तुमच्यापैकी दोघींकडे त्या कामाला येतात. त्यांची आणखी घरं असतील तर तिथेही त्यांचा खाडा पडणार, आणि खाड्याचे पैसे कापणारी घरं आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. म्हणजे स्वतःची मजुरी बुडवून दिवसभर चौदा जणींचे टाके बघायचे, संध्याकाळी पंधरा माणसांच्या पोळ्या लाटायच्या, आणि एवढं करून ‘तुमच्याकडून आम्ही काही घेतलं नाही हं’ हेही ऐकायचं. त्या नाही म्हणणार नाहीत. ज्या घरांतून दरमहा पगार येतो त्याच घरच्या बायका विचारताहेत म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

बायकांचे गट स्वस्तात चालतात, ते बहुतेक वेळा कोणा एकीच्या फुकट राबण्यावर चालतात. कधी ती स्वयंपाक करणारी असते, कधी जिच्या घरी सगळ्या जमतात ती, कधी पैशांची वही सांभाळणारी. वर्षभर ती हसतमुखाने करते. मग एक दिवस ‘मला आता होत नाही’ म्हणते आणि गट विस्कटतो. बाकीच्यांना मग वाटतं की हिला अचानक काय झालं. म्हणून खर्चाला कात्री लावायची ती वस्तूंना आणि थाटामाटाला लावा, माणसाच्या कष्टांना नको. तुमच्या त्या ६,२०० रुपयांत काढून टाकण्यासारखं इतकं आहे की मावशींना चांगलं मानधन देऊनही तुमचं निम्म्याच्या आत भागेल. ते कसं, ते पुढे मांडते.

मावशींना विचारायला त्यांच्या घरी जा. भांडी घासताना ओट्यापाशी उभं राहून विचारू नका. ‘तुम्ही आम्हाला शिकवाल का, दिवसाचे इतके देऊ,’ असं आधी रक्कम सांगून विचारा. ती रक्कम त्यांच्या सगळ्या घरांच्या मिळून एका दिवसाच्या कमाईपेक्षा चांगली जास्त हवी. ज्या दोघींकडे त्या काम करतात, त्यांनी त्या दिवसांची भरपगारी सुट्टी द्यावी. तो त्या दोघींचा घरचा खर्च, गटाच्या वहीत तो यायला नको. मुक्कामाला गेल्यावर मावशींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. जेवायला तुमच्याच पंगतीत बसायचं, झोपायला तुमच्याच खोलीत गादी. आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपला, नोकरीच्या घरी त्याचा पुन्हा उल्लेखही नको.

आता महिन्याच्या दिवसाचं. याला फार काही लागत नाही. जागा म्हणून रविवारचा शाळेचा वर्ग, ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, वाचनालयाचा वरचा मजला, यांपैकी काहीही चालेल. कोणाच्या घरी मात्र नको. जिच्या घरी जमाल ती त्या दिवशी शिवत नाही, चहा करते. समजा हॉलचे ६००, मावशींचे १,०००, दोरा-सुयांचे ३०० आणि पंधरा जणींच्या दोन वेळच्या चहाचे ३००, असे २,२०० रुपये झाले, तर चौदा जणींना प्रत्येकी १६० रुपयांच्या आत पडतं. आकडे तुमच्याकडचे दर विचारून बदला, पण मावशींचा आकडा खाली आणू नका. जेवायला घरचा डबा. त्याला एकच नियम ठेवा : त्या दिवशी घरात जे शिजलं असेल तेच आणायचं. हा नियम नसेल तर दुसऱ्याच महिन्यात कोणीतरी पुरणपोळ्या आणते, तिसऱ्या महिन्यात दुसरी दहीवडे आणते, आणि मग जिला पहाटे उठून एवढं करणं शक्य नाही ती ‘आज जरा काम आहे’ म्हणून घरी राहते.

दोन रात्रींच्या मुक्कामासाठी माझ्या मते रिसॉर्टचा नाद सोडा. रिसॉर्टवाला पैसे लावतो ते पोहण्याच्या तलावाचे, बुफेचे, संध्याकाळच्या गाण्यांचे आणि दरीकडे उघडणाऱ्या खिडकीचे. तुम्ही तिथे जाऊन खाली मान घालून बसणार. तुम्हाला लागते ती लांबरुंद स्वच्छ जमीन, भरपूर उजेड, पंखे, पुरेसे संडास-बाथरूम (गुडघे दुखणाऱ्यांसाठी त्यात एक-दोन कमोडवाले), गाद्या आणि वेळेवर साधं जेवण. हे सगळं एका छपराखाली असलेली इमारत आपल्याकडे गावोगाव आहे, ती म्हणजे मंगल कार्यालय. मोठा हॉल असतो, वऱ्हाडाच्या खोल्या असतात, गाद्या-उशा असतात, स्वयंपाकाची मोठी भांडी असतात. आणि वर्षातले काही आठवडे ती रिकामी पडून असतात. चातुर्मासात मुख्य मुहूर्त नसतात, पण तेव्हा पाऊस. गोधडीचं कापड दमट राहतं, हाताला चिकटतं, नीट ताणून बसत नाही. पौषातही लग्नं सहसा काढत नाहीत. तेव्हा हवा कोरडी, ऊन मऊ, आणि कार्यालयाचा मालक भाड्याबद्दल बोलायला तयार. तुमच्यापासून एसटीने तासाभरावर वाई आहे. तिथल्या किंवा वाटेवरच्या कार्यालयांना फोन करा.

वार मात्र नीट निवडा. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात सगळ्याच गोष्टी महाग होतात. तुम्ही रविवारी दुपारनंतर पोहोचा, म्हणजे पर्यटक परतत असतील, आणि मंगळवारी चहाच्या वेळेला निघा. नोकरी करणाऱ्या दोघींना दोन रजा पडतील. महिनाभर आधी तारीख कळली तर तेवढं जमतं.

जेवण बाहेरून घ्या. त्या गावातल्या एखाद्या महिला बचत गटाला नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि चहा सांगा, आणि त्या सांगतील त्या भावात घासाघीस करू नका. कमी करायचंच असेल तर पदार्थ कमी करा. पिठलं-भाकरी, एक दिवस आमटी-भात, एक पालेभाजी, ताक. गोडाची गरज नाही.

जायला साधी एसटी. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत एसटीच्या सगळ्या गाड्यांना महिलांना निम्मं तिकीट आहे. पंधरा जणींसाठी खासगी टेम्पो ट्रॅव्हलर करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. साड्यांची गाठोडी जड होतील, तर ती एकीच्या घरच्या गाडीतून आधी पाठवा आणि पेट्रोलचे पैसे तिला तिथल्या तिथे द्या.

आता बेरीज करून बघू. समजा कार्यालयाचे दोन रात्रींचे १२,०००. पंधरा जणींच्या जेवणाखाण्याचे दिवसाला माणशी ३५० रुपयांनी दोन दिवसांचे १०,५००. मावशींचे मुक्कामी दिवसाला १,५०० प्रमाणे तीन दिवसांचे ४,५००. दोरा-सुया १,०००, एसटी १,०००, अडीअडचणीला १,५००. एकूण ३०,५००. चौदांनी भागलं तर माणशी २,२०० रुपयांच्या आतच. यात मावशींचं राहणं-खाणं धरलेलं आहे.

कोणीतरी भक्तनिवासाचं किंवा धर्मशाळेचं नाव काढेल, कारण ते याहूनही स्वस्त. तिथे जाऊ नका. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या धर्मशाळा गाडगे महाराजांनी उभ्या केल्या त्या वारकऱ्यांसाठी आणि गरजूंसाठी. अंगावर गोधडी घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाला लोक गोधडे महाराज म्हणत. हौसेने शिवायला निघालेल्या आपल्यासारख्यांनी तिथल्या खोल्या अडवणं बरोबर नाही. कृषी पर्यटन केंद्राचा विचार जरूर करा. राज्याने २०२० मध्ये त्यासाठी धोरण आणलं आहे, तेव्हा पर्यटन विभागाकडे नोंदणी झालेलं केंद्र आहे का, एवढं विचारून घ्या. हिवाळ्यात तिथे हुरडा पार्ट्यांची गर्दी असते, म्हणून तिथेही आडवारीच जा.

जागा ठरवताना फोटो मागवू नका, हॉलची लांबी-रुंदी विचारा. त्यामागचं गणित असं. सहावारी साडी म्हणजे सहा वार, म्हणजेच अठरा फूट लांब आणि साधारण पंचेचाळीस इंच रुंद. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे केले आणि दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की सहा बाय साडेसात फुटांचा एक थर होतो. म्हणजे दोन साड्यांत बरोबर तीन थर. मधे एखादी जुनी चादर किंवा धोतर घातलं की चार थरांची, साताऱ्याच्या थंडीला पुरणारी गोधडी. ती जमिनीवर पसरली आणि भोवती बसायला चारी बाजूंनी तीन-तीन फूट सोडले तर बारा बाय साडेतेरा फुटांची जागा लागते. शाळेच्या वर्गात अशी एखाद-दुसरीच मावेल. कार्यालयाच्या हॉलमध्ये तीन आरामात.

यावरून किती जणींनी एका गोधडीला बसायचं तेही ठरतं. धावदोऱ्याच्या ओळी एकेक इंचावर घातल्या तर एवढ्या गोधडीत एकशे पासष्ट मीटर टाके पडतात. एकटीने महिनोन्‌महिने रेंगाळणारं काम ते हेच. पाच जणी बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला तेहतीस मीटर. तुमच्यातल्या एकीला घड्याळ लावून तासभर शिवू द्या आणि तिने किती मीटर घातले ते मोजा. ज्यांचा हात बसलेला आहे त्या सुईवर एका दमात चार-पाच टाके भरून घेतात आणि मग दोरा ओढतात, त्यांचा वेग वेगळा, नवशिकीचा वेगळा. तुमच्या गटाचा आकडा कळला की एका दिवसात किती होईल याची खोटी आशा राहत नाही. शेवटचा भाग नेहमी रेंगाळतो, हेही लक्षात असू द्या. गोधडी कडेकडून आत शिवत जातात. मध्यापर्यंत येता येता पाच जणींची जागाच उरत नाही, दोघीच गोधडीवर मांडी घालून बसतात आणि बाकीच्या हात बांधून बघतात. त्या वेळेला त्या तिघींसाठी दुसरं छोटं काम तयार ठेवा.

हे छोटं काम म्हणजे बाळाची गोधडी. एका साडीचे साडेतीन फुटांचे पाच तुकडे निघतात, काही जोडावं लागत नाही, एकावर एक ठेवले की झाले पाच थर. टाके पन्नास मीटरच्या आत. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडीच घ्या. पॉलिस्टरची साडी बाळाचा घाम शोषत नाही, सुई तिच्यातून सरकते, आणि दोन धुण्यांत आतले थर गोळा होतात. मोठ्या गोधडीलाही हाच नियम. कितीही सुंदर रंगाची असली तरी नायलॉनची साडी बाजूला ठेवायला शिका.

थर आदल्या दिवशीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणायचे. सकाळी पहिला तास फक्त पसरण्याला आणि कच्चे टाके घालण्याला द्या. हा तास चुकवला की दुपारी खालचा थर चुरगळलेला निघतो आणि सगळं उसवावं लागतं. मावशींची खरी गरज याच तासाला असते : तळवा मधून कडेकडे फिरवत सुरकुती बाहेर काढायची, चारी कोपऱ्यांना एकीने गुडघा टेकून थर धरायचे, मग लांब-लांब टाके. बघून शिकायची ही गोष्ट आहे, लिहून सांगता येत नाही.

डोळ्यांसाठी एक युक्ती सांगते. साठीच्या पुढे दर दहा मिनिटांनी सुईत दोरा ओवणं हीच मोठी शिक्षा. सकाळी जिची नजर चांगली असेल तिने रिळाचा दोरा न तोडता त्याच्यावर दहा सुया एकामागोमाग ओवून ठेवायच्या. ज्या बाईला सुई हवी तिने पहिली सुई धरून हवा तेवढा दोरा ओढायचा, बाकीच्या नऊ मागे सारायच्या आणि दोरा तोडायचा. लांब आणि मोठ्या नेढ्याच्या सुया घ्या, प्रत्येकीला अंगुस्तान घ्या, आणि सुया सकाळी मोजून द्या, संध्याकाळी मोजून घ्या. कार्यालयाच्या गाद्यांवर तुमच्यानंतर कोणाची तरी लहान मुलं झोपणार आहेत. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक फडक्यात गुंडाळून जमिनीवरून फिरवला की पडलेली सुई सापडते.

जमिनीवर बसणं जिला जमत नाही तिला ‘तू नुसती बघ’ म्हणू नका. दोन टेबलं एकमेकांना जोडून त्यावर बाळाची गोधडी लावा, तिचं काम तिथे. मशीनचं म्हणाल तर एकच न्या, दोन नको, आणि ते वेगळ्या खोलीत ठेवा. तुकडे जोडायला, काठाला पट्टी लावायला ते उपयोगी आहे. पण हॉलमध्ये मशीन घरघरू लागलं की बोलणं थांबतं, आणि बोलण्यासाठीच तर तुम्ही एवढ्या लांब आलात. भाचीच्या सहलीत बहुतेक जणी आपापलं मशीन, आपापलं टेबल घेऊन बसत असतील. तिथल्याही बायका एकेकाळी लाकडी चौकटीवर ताणलेल्या एकाच गोधडीभोवती गोल बसत असत. आपल्याकडे ती बैठक अजून गावांत आहे, तीच आपली पद्धत ठेवा.

मग प्रश्न येतो, कोणाची गोधडी शिवायची? यासाठी भिशीची चिठ्ठी काढा. चौदा नावं, महिन्याच्या दिवशी जागेप्रमाणे एक किंवा दोन चिठ्ठ्या, मुक्कामाला तीन. जिचं नाव निघालं तिने साड्या आणायच्या, बाकीच्यांनी हात लावायचे. पंधरावी चिठ्ठी मावशींच्या नावाची टाका. त्यांचीही एक गोधडी सगळ्यांनी मिळून शिवा.

पैशांबद्दल तुम्ही विचारलंत. आधी प्रत्येकीने किती भरायचं ते ठरवायचं आणि मग जागा बघायची, असं करू नका. आधी जागा, जेवण आणि मानधन धरून खर्च काढा, तो कागद सगळ्यांना दाखवा, आणि मग विचारा कोण येतंय. मुक्कामाचे पैसे एकदम मागितले तर ज्यांना घरी हात पसरावा लागतो त्यांची अडचण होते. दर महिन्याच्या दिवशी सगळ्यांनीच २५० रुपये बाजूला टाकले तर नऊ महिन्यांत २,२५० होतात. जिच्याकडे आहेत तिनेही हप्त्यानेच भरायचे, म्हणजे कोण कसं भरतंय हे कोणालाच दिसत नाही. बचत गटात असतं तसंच करा : वही एकीकडे, पैसे दुसरीकडे, दर सहा महिन्यांनी दोघी बदलायच्या, आणि त्या दिवशी वहीचं पान मोबाइलवर सगळ्यांना पाठवायचं. ऐन वेळी कोणी गळाली तर जागेचा वाटा परत मिळणार नाही, जेवणाचा मिळेल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर ते त्या एका बाईविरुद्ध ठरवल्यासारखं होतं.

एवढं करूनही एखादीला जमणार नाही. तिच्यासाठी वर्षातून दोन-तीन बाळाच्या गोधड्या सगळ्यांनी मिळून शिवा आणि विका. किंमत लावताना शिवायला किती तास गेले ते मोजा आणि त्या तासांचे पैसे धरा. ‘जुन्या साडीची तर आहे’ म्हणून शेजारीण शंभर-दोनशे रुपये देऊ करेल. तिला नाही म्हणा. आलेले पैसे वेगळ्या पानावर ठेवा. त्यातून कोणाला किती दिले हे वही सांभाळणाऱ्या दोघींनाच माहीत असावं.

हळदीकुंकवाची कल्पना मात्र मला मान्य नाही. तुमच्या वयोगटातल्या चौदा जणींत नवरा गेलेली कोणीतरी असणारच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. कायदा-परिपत्रक काहीही असो, ज्या समारंभात एखादीला दाराशी थबकावं लागेल त्याच्याशी तुमचा पहिला दिवस जोडू नका. चहाचे तीनशे रुपये वाचतील म्हणून तर नकोच. सगळ्याच जणींना कुंकू लावणार असाल तर चांगलंच, पण तो वेगळा कार्यक्रम करा.

आणि घरच्यांचं. ‘घरी बसून शिवता येत नाही का?’ याचं खरं उत्तर, नाही येत. एवढी मोठी गोधडी हॉल-किचनच्या घरात पसरता येत नाही, पसरली तरी संध्याकाळी उचलावी लागते, आणि घरी बसलेल्या बाईला दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं. हे शांतपणे सांगा. पण पहिल्याच फटक्यात दोन रात्री मागू नका. आधी तीन-चार महिन्यांचे दिवस होऊ द्या. घरात एक पुरी झालेली गोधडी आली, ती अंगावर घेऊन कोणी झोपलं, की विरोधाची धार कमी होते. मग आधी एक रात्र, पुढच्या वर्षी दोन. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे त्यांनी दिवसभर येऊन संध्याकाळच्या एसटीने परत जावं, आणि त्यांच्याकडून फक्त जेवणाचे आणि दोऱ्याचे पैसे घ्या. आपण अर्धवट आलो असं त्यांना वाटता कामा नये. त्यांची चिठ्ठीही त्याच डब्यात.

मुक्कामात कार्यक्रम भरू नका. सकाळी योगासनं, दुपारी खेळ, रात्री अंताक्षरी असं वेळापत्रक कोणी केलं तर ते बाजूला ठेवा. सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा शिवण. मधल्या दोन तासांत ज्यांना झोपायचंय त्यांनी झोपावं. दुपारी कोणी उठवणार नाही हे सुख तुमच्यातल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं अनुभवलेलं नसेल. संध्याकाळी ज्यांना जायचंय त्यांनी घाटावर, गणपतीला जाऊन यावं. दिवेलागणीनंतर शिवू नका, ट्यूबच्या उजेडात टाके वाकडे जातात आणि सकाळी उसवण्यात वेळ जातो.

सुरुवात कधी? महिन्याच्या बैठकीचा पहिला दिवस फेब्रुवारीत धरा. थंडी ओसरलेली असते, खालच्या वर्गांच्या परीक्षा अजून लांब असतात, पापड-कुरडयांची वाळवणं सुरू झालेली नसतात. एप्रिलमध्ये तीच वाळवणं आणि मेमध्ये घरोघरी पाहुणे, त्यामुळे ते दोन महिने आधीच सोडून द्या. कोणी आलं नाही म्हणून नाराजी नको. जून ते सप्टेंबर पावसात मोठी गोधडी काढू नका, बाळाच्या गोधड्या आणि तुकडे जोडणं एवढंच ठेवा. नवरात्राच्या आधी घरोघरी पांघरुणं धुवायला निघतात, तेव्हा कोणाकडे कोणत्या जुन्या साड्या पडल्या आहेत ते सगळ्यांनाच कळेल, त्या तेव्हाच मागून घ्या. कार्यालयाला फोन दिवाळीनंतर लगेच करा आणि पौषातली तारीख आगाऊ रकमेची पावती घेऊन पक्की करा. मावशींचं काय ते मात्र फेब्रुवारीतल्या त्या पहिल्या बैठकीआधी ठरायला हवं. तेव्हा बाकी कोणाला काही कळवण्याआधी या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन या.